चवळीची वही

सेगू गावातल्या प्राथमिक शाळेचे झान कुलिबालीमास्तर यांनी बत्तीस पानांचं एक पुस्तक लिहायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा अंदाज पंधरा दिवसांचा होता. लागले चौदा महिने. त्यातले पंधरा दिवस खरोखरच लिहिण्यात गेले, तेव्हा अंदाज चुकला असं म्हणणं मास्तरांवर अन्याय होईल. बाकीचे साडेतेरा महिने लोकांनी घेतले.

लोक मास्तरांचं काय काय घेत असत, हे सांगायचं तर खुर्चीपासून सुरुवात करावी लागते. कुलिबाली आडनावाच्या माणसाला सेगूत पाळण्यात असल्यापासून ‘चवळीखाऊ’ म्हणतात. म्हणणारा कोने असतो, केता असतो, जारा असतो. या घराण्यांचं कुलिबालींशी थट्टेचं नातं आहे आणि ते पणजोबांच्याही पणजोबांपासून चालत आलेलं आहे. कुलिबालीने उलट म्हणायचं, “चवळी तूच खातोस, म्हणून तुझ्या शेळ्यासुद्धा तुझ्यापासून लांब बसतात.” मग दोघांनी हसायचं. थट्टेवर रागवायचं नाही, हा या नात्यातला पहिला नियम. थट्टेच्या नातेवाइकाने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, हा दुसरा. पहिल्या नियमापायी मास्तरांची इभ्रत गेली होती आणि दुसऱ्यापायी खुर्ची.

खुर्ची वेताची होती, हातांची होती आणि वीस वर्षांच्या नोकरीबद्दल शाळेने दिलेली होती. समोरचे शिंपी फामुसा कोने एके दिवशी आले, खुर्चीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “मास्तर, चवळी खाऊन खुर्चीत बसलात तर वेत टिकायचा नाही. ही माझी.” आणि घेऊन गेले. याच नियमाने मास्तरांना ती परत मागता आली असती. पण मागायची तर चार लोकांत, एखादा झणझणीत टोमणा मारून मागायला हवी, आणि मास्तरांना टोमणा सुचायचा तो दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला. तीन वर्षं झाली होती. कोने आता त्या खुर्चीत बसून काजं करत असत.

मास्तरांची ही अडचण त्यांच्या मुलीत, न्येलेनीत, दुपटीने उतरली होती. फरक एवढाच, की मास्तरांना निदान थट्टा कळायची. नऊ वर्षांच्या न्येलेनीला तीही कळत नसे.

“काय गं, आज किती पोती चवळी फस्त केलीत?” कोने खुर्चीतून विचारत.

“एकही नाही, काका. आज भात आणि शेंगदाण्याची आमटी होती. चवळी मंगळवारी होती. अर्धा किलो, पाच जणांत.”

पहिल्यांदा कोने इतके हसले, की सुईतला दोरा निघाला. दुसऱ्यांदा जरा बेताने हसले. तिसऱ्या वेळी न्येलेनी वही घेऊन आली. तिच्या मते हा तिच्या घरावरचा आरोप होता आणि आरोप खोटा असेल तर तो पुराव्याने खोडता यायला हवा. वहीच्या पहिल्या पानावर तिने कोनेंनाच विचारून थट्टेच्या नात्याचे दोन्ही नियम लिहिले, कारण खटल्याआधी कायदा माहीत असलेला बरा. मग गल्लीत कोण कधी चवळी खातं याची ती नोंद ठेवू लागली. जेवणाच्या वेळी ती लोकांच्या दारात उभी राही. दारातल्या माणसाला “ये, बस, हात धू” म्हणण्याची आमच्याकडे रीत आहे. लोक तसं म्हणत. न्येलेनी म्हणे, “जेवायला नाही आले. बघायला आलेय.” आणि परातीत डोकावून, लिहून निघून जाई.

सहा आठवड्यांनी तिने निकाल कोनेंच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर वाचून दाखवला. कुलिबाली चार वेळा, कोने अकरा वेळा. “काका, तुम्हीच जास्त खाता. आता आम्हाला म्हणू नका,” ती म्हणाली. या वेळी कोने हसले नाहीत.

“घरचे सगळे बरे?” असं कुणी वाटेत विचारलं तर “बरे” म्हणून पुढे जायचं असतं, हेही तिला पटत नसे. ती सांगे, “आईची कंबर दुखतेय, शेळीला जुलाब होतायत, बाबा बरे आहेत पण कुरकुर करतात.” त्यामुळे मास्तरांच्या शेळीची प्रकृती बाजारात मास्तरांच्या आधी पोहोचलेली असे.

मोठ्या माणसांनी हे चालवून घेतलं. मुलं चालवून घेत नाहीत. कोनेंची मुलगी सिरा शाळेत न्येलेनीच्या बाकावर बसायची. एके दिवशी ती दप्तर उचलून पुढच्या बाकावर गेली. जाताना म्हणाली, “तुझ्याशी बोललं की तोंडी परीक्षा चालल्यासारखं वाटतं गं. मला नाही जमत.” त्यानंतर तो बाक रिकामाच राहिला. न्येलेनीने हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, “बाबा, विनोद करायला शिकायला साधारण किती दिवस लागतात?”

मास्तर सेहेचाळीस वर्षांचे होते आणि अजून शिकत होते, त्यामुळे त्यांना आकडा सांगता येईना. त्यांना फार वाईट वाटलं. त्या संध्याकाळी त्यांनी नवी कोरी दस्ता वही आणली. एक मुलगी असेल, तिचं नाव कुंबा, प्रत्येक प्रश्नाला ती खरंखुरं उत्तर देते आणि त्यापायी गावभर गोंधळ घालते. मुलं ते वाचून हसतील आणि हसता हसता त्यांना कुंबा आवडायला लागेल. मग ज्या बाकावर तशीच एक मुलगी एकटी बसते, त्या बाकाकडे कुणीतरी वळून बघेल. कुणीतरी म्हणजे खरं तर सिराच. एका मुलीने एका बाकावर परत यावं, एवढ्यासाठी मास्तर साहित्यिक झाले.

पंधरा दिवसांत पुस्तक झालं आणि मास्तरांनी ते चहाच्या बैठकीत वाचायची चूक केली. बैठक कोनेंच्या दुकानासमोरच्या कडुलिंबाखाली भरे. कोळशाच्या शेगडीवर एकच पत्ती तीनदा उकळत आणि तीन फेऱ्या देत. दर फेरीला चहा गोड होत जाई आणि सल्ला कडू.

पहिल्या फेरीला निवृत्त पोस्टमास्तर सिसोको म्हणाले, “यात म्हातारा माणूसच नाही. मग मुलीला शहाणपण सांगणार कोण?”

“तिला कुणी सांगायचंच नाहीये, दादा.”

“अहो, पण सांगणारा असतोच. तुम्ही लिहिला नाहीत म्हणून काय तो जातो कुठे?”

दुसऱ्या फेरीला कोने मास्तरांच्या खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “एक शिंपी घाला. देखणा. बाकी चवळीखाऊच्या मानाने बरं लिहिलंय.”

मास्तरांनी यावर तिसरी फेरी संपेपर्यंत उत्तर शोधलं. ते सापडलं ते दुसऱ्या दिवशी, लसाविच्या वेळी.

मास्तरांची बायको आसितान ही माहेरची जारा, म्हणजे तीही थट्टेच्याच नात्यातली. सोळा वर्षांत तिने एकदाही चवळीचा उद्धार केल्याशिवाय नवऱ्याला वाढलं नव्हतं. ती म्हणाली, “म्हातारा घाला, शिंपी घाला, वाटल्यास बँड घाला. पुस्तक लिहिताय की वरात काढताय, तेवढं ठरवा.” तरी मास्तरांनी एक म्हातारा घातला आणि तो मुका ठेवला. शिंपीही घातला, पण त्याच्या देखणेपणाबद्दल मौन पाळलं.

चित्रांसाठी लासिने मिळाला. लासिने न्हाव्यांच्या पाट्या रंगवायचा आणि त्याची रेघ गावात नावाजलेली होती. तीन महिन्यांनी चित्रं आली. सगळी माणसं जरा तिरक्या मानेने एकाच दिशेला बघत होती, प्रत्येकाचे केस अप्रतिम होते आणि प्रत्येक चित्राखाली केसांच्या कटाचा नंबर होता. कुंबा चार नंबर होती. तिला बारीक मिशीही होती.

“लासिने, मुलगी आहे ती.”

“सवयीनं आली मास्तर. हात त्या वाटेनंच जातो.”

मिशी खोडली. पण तिथे एक करडी छटा उरली, त्यामुळे कुंबाला बत्तीस पानं सर्दी असल्यासारखी दिसत होती. मास्तरांनी पाचव्या पानावर एक वाक्य वाढवून तिला सर्दी दिली आणि बाब मिटवली.

एवढ्यात पहिला ऑक्टोबर येऊन गेला होता. ऑक्टोबरात शाळा उघडते आणि पहिल्याच दिवशी बाकं ठरतात. न्येलेनी त्या वर्षी शेवटच्या बाकावर एकटी बसली. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, की दप्तर ठेवायला भरपूर जागा आहे.

आता कचेरी. मास्तर सरकारी नोकर, आणि नोकराने पुस्तक छापायचं तर शिक्षण कचेरीचा शिक्का लागतो. शिक्का मामादी केता यांच्या टेबलाच्या खणात असे. पहिल्या खेपेला कळलं, की अर्ज रेघांच्या कागदावर हवा. दुसऱ्या खेपेला कळलं, की रेघांचा चालत नाही. तिसऱ्या खेपेला केतासाहेब कुणाच्या तरी मातीला गेले होते, चौथ्या खेपेला त्याच माणसाच्या चाळिसाव्याला. दर खेपेला शिपायापासून टंकलेखकापर्यंत सगळ्यांनी मास्तरांना आज चवळी जेवून आलात की बांधून आणलीत, हे विचारलं. मास्तरांनी दर खेपेला हसून दाखवलं. घरी परतताना त्यांचे गाल दुखत असत.

सातव्या खेपेला केतासाहेबांनी पुस्तक वाचलेलं होतं.

“चवळीखाऊ असून लिहिता बरं,” साहेब म्हणाले. “मी दोनदा हसलो. एकदा घरी. पण शेवट अडतो.”

“काय अडतं, साहेब?”

“मुलगी सुधारत नाही. पहिल्या पानावर जशी, तशीच बत्तिसाव्या पानावर. मुलांनी यातून काय घ्यायचं?”

“ती बिघडलेली कुठे आहे, साहेब?”

“बिघडलेली नाही, तर मग तुम्ही बत्तीस पानं कशाला लिहिलीत?”

साहेबांनी पेन्सिलीने समासात लिहिलं, ‘शेवटी इतर मुलांसारखी व्हावी.’ मग म्हणाले, “हे करून आणा. शिक्का तयार आहे.”

दुसरा ऑक्टोबर महिन्यावर आला होता. मास्तरांनी त्याच रात्री शेवटचं पान बदललं. कुंबा एका सकाळी उठते, कुणीतरी तिला चवळीखाऊ म्हणतं, ती खो खो हसते आणि झकास टोमणा मारते, मग सगळी मुलं तिला खांद्यावर घेतात. टोमणा आसितानकडून उसना घेतला होता. लिहून झाल्यावर मास्तरांना स्वतःची शरम वाटली. पण शिक्का, छपाई, ऑक्टोबर आणि बाक हा क्रम डोळ्यांपुढे असल्यामुळे त्यांनी ती गिळली.

सकाळी ते तोंड धुवून आले, तर न्येलेनी कागद वाचत बसली होती.

“बाबा, कुंबा म्हणजे मी ना?”

मास्तरांनी टॉवेल बराच वेळ तोंडावर धरला. “तुला कसं कळलं?”

“शेळीवरून. शिवाय वही आहे. पण शेवटच्या पानावर कुंबा नाहीये. तिथे दुसरीच मुलगी आहे. ती कुठे गेली?”

“कुठे नाही गं. ती शेवटी… सगळ्यांसारखी होते.”

“असं होतं?”

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. पण ज्या मुलीने गेल्या पाच वर्षांत एकही खोटं ऐकून सोडलं नव्हतं, तिच्याशी ते बोलायला मास्तरांची जीभ वळेना. “नाही होत,” ते म्हणाले. “कचेरीला तसं हवंय. केतासाहेबांना.”

“ते केता आहेत?”

“हो.”

न्येलेनीने वहीचं पहिलं पान उघडलं. “मग आपण मागितलं तर त्यांना नाही म्हणता येणार नाही. नियम दोन.”

“अगं, तो नियम खुर्चीबिर्चीसाठी असतो. सरकारी कामात…”

“सरकारी काम सोडून, असं कोनेकाकांनी सांगितलं नव्हतं,” न्येलेनी म्हणाली आणि चपला घालायला गेली.

कचेरीत पोहोचले तेव्हा जेवणाची वेळ होती. केतासाहेब टेबलावर फडकं पसरून जेवत होते. “या, हात धुवा,” ते रीतीप्रमाणे म्हणाले. मग मुलीकडे वळले, “ही पण चवळीखाऊच का?”

“मी न्येलेनी कुलिबाली. तुम्ही केता आहात, म्हणून मी मागायला आलेय. कुंबाचं जुनं शेवटचं पान ठेवा आणि त्यावर शिक्का द्या.”

साहेब हसले. शिपाई हसला, टंकलेखक हसला, जिन्यातले दोघे काय झालं ते बघायला आत आले आणि तेही हसले. न्येलेनी सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबली. मग तिने वही उघडून नियम दोन मोठ्याने वाचला. ती वाचत असताना मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

एका केताला एका कुलिबालीने चारचौघांत काही मागितलं होतं, आणि ते मागणाऱ्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. साहेबांनी घास खाली ठेवला. शिपायाने साहेबांकडे पाहिलं. इथे नाही म्हटलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, हे दोघांनाही माहीत होतं.

“बरं,” साहेब सावकाश म्हणाले. “पण हा नियम उलटही चालतो, बाई. मी काही मागितलं तर तुलाही नाही म्हणता येणार नाही. येतंय ध्यानात?”

“हो.”

“मग एक थट्टा करून दाखव. मला हसवलंस तर पान तुझं.”

मास्तरांना एकाएकी तीन टोमणे सुचले, आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर, पण ते तिला कसे द्यायचे कळेना.

न्येलेनीने खूप विचार केला. मग म्हणाली, “मला येत नाही.” तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या वाडग्यावर गेली. ती जरा पुढे झाली, वाकून बघितलं आणि खिशातून पेन्सिल काढली.

“काय लिहितेस?” साहेबांनी विचारलं.

“नोंद. आता ही राहून गेली असती.” तिने लिहिता लिहिता वाचलं. “गुरुवार. दुपारी बारा वाजून वीस मिनिटं. शिक्षण कचेरी. केतासाहेब. चवळी, कांदा आणि तेल. एक मोठा वाडगा. निम्मा संपलेला.” वही तिने साहेबांपुढे फिरवली. “बरोबर असेल तर इथे सही करा. शिक्काही द्या, नाहीतर कोनेकाका मानणार नाहीत.”

आधी शिपायाला हसू फुटलं. तो भिंतीला टेकला आणि तसाच घसरत खाली बसला. टंकलेखकाने तोंडात रुमाल कोंबला. जिन्यातले दोघे जिन्यात परत गेले, कारण त्यांना उभं राहवेना. केतासाहेबांनी वाडग्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या पोटातून असं हसू उसळलं, की फडक्यावरची चवळी उडून अर्जांवर पडली. त्यांनी डोळे पुसले, खण उघडला, वहीवर सही केली आणि तिच्यावर गोल शिक्का उमटवला. तारीख टाकली. मग मास्तरांचं जुनं शेवटचं पान मागून घेतलं आणि त्यावरही उमटवला.

“मास्तर, हे पुस्तकात का नाही?” ते म्हणाले.

“आत्ता घडलं, साहेब.”

“मग घाला. मला जरा बारीक दाखवा.”

घरी जाताना नदीकाठच्या रस्त्याने न्येलेनी वहीवरचा शिक्का बघत चालली होती. मग तिने विचारलं, “ते सगळे एवढे का हसले?”

“थट्टा झाली म्हणून.”

“कुणी केली?”

“तू केलीस.”

न्येलेनीने यावर विचार केला. “मला कळली नाही,” ती म्हणाली. “पण त्यांना कळली ना?”

“चांगलीच कळली.”

“मग चालेल.”

पुस्तक छापून आलं. तीनशे प्रती, कुंबाला सर्दी, केतासाहेब पान एकतीसवर बारीक आणि कटाचा नंबर सात. मास्तरांनी गठ्ठा सोडून पहिली प्रत कोनेंना दिली. कोनेंनी शिंप्याचं पान शोधलं, ते वाचलं आणि पुस्तक शिलाई यंत्राच्या हलणाऱ्या पायाखाली ठेवलं. मास्तरांना ते लागलं. सिसोकोंनी मुक्या म्हाताऱ्याबद्दल अबोला धरला. आठवड्यात अकरा प्रती गेल्या, त्यातल्या चार आसितानने माहेरी पाठवल्या.

पण वहीची बातमी शिपायाने आधीच फोडली होती. केतांनी चवळी खाल्ल्याचा सरकारी शिक्क्याचा पुरावा कुलिबालींकडे आहे, हे कळल्यावर गल्लीतल्या, मग पलीकडच्या गल्लीतल्या आणि मग बाजारातल्या कुलिबालींची मास्तरांच्या दारात रीघ लागली. त्यांच्या मागोमाग खात्री करून घ्यायला केतांचीही. मास्तर ओटीवर आपल्या पुस्तकांचा गठ्ठा मांडून बसत. लोक गठ्ठा ओलांडून आत वही बघायला जात. मास्तरांनी हे सगळं एका लेखकाला शोभेल अशा शांतपणे सहन केलं.

शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी दुपारी दारात सिरा कोने आली. तिने दोन्ही हातांनी वेताची खुर्ची उचलून आणली होती आणि तिला धाप लागली होती.

“ही तुमच्या दुकानातून कशाला आणलीस?” मास्तरांनी विचारलं.

“न्येलेनीनं बाबांकडे मागितली. वही दाखवून मागितली, मग बाबा काय करणार?” सिराने खुर्ची न्येलेनीच्या चटईशेजारी ठेवली आणि एका कडेला सरकून बसली, म्हणजे दुसऱ्या कडेला जागा राहील. “मला वही पहिल्यापासून वाचायचीय. आमच्या घरची अकरासुद्धा. वेळ लागेल ना?”

“चाळीस मिनिटं,” न्येलेनी म्हणाली. “मधे प्रश्न विचारलेस तर पन्नास.”

“विचारणार,” सिरा म्हणाली. “आणि सोमवारी बाक मी धरते, तू उशिरा येतेस.”

“गेल्या वर्षी दोनदाच आले,” न्येलेनी म्हणाली आणि खुर्चीत तिच्या शेजारी जाऊन बसली.